कोटी कोटींची नोट आणि कापसाचे पैसे

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



जुन्या नोटा जमविणाऱ्यांच्या संग्रहात १९२२-२३ सालच्या जर्मन नोटा हमखास आढळतात. त्या दुर्मिळ नाहीत, म्हणूनच स्वस्त आहेत. १९२३ साली जर्मनीत शंभराहून अधिक छापखाने राइशबँकेच्या नोटा छापण्यात गुंतले होते. घाईमुळे कित्येक नोटांची मागची बाजू कोरीच राहिली. त्याही पुरेनात, तेव्हा नगरपालिका व कारखाने आपापल्या नोटा काढू लागले. बीलेफेल्ड या कापडधंद्याच्या शहराने तर रेशमावर नोटा छापल्या. संग्राहक या नोटांवरील चित्रे आणि शून्ये पाहतो. समाजवादी कार्यकर्त्याने त्या हिशेबाची वही म्हणून वाचाव्यात. कापसावर जगणाऱ्या या जिल्ह्यात तर अवश्य वाचाव्यात.

पहिल्या महायुद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी पडू लागले. एका पावाला सुमारे २० हजार कोटी मार्क मोजावे लागले. सर्वांत मोठी नोट एक कोटी कोटी मार्कांची, म्हणजे एकावर चौदा शून्यांची होती. तिला चोवीस डॉलरही येत नव्हते. कामगार रोजच्या रोज मजुरी घेत आणि भाव चढण्यापूर्वी दुकान गाठण्यासाठी धावत.

हे अस्मानी संकट नव्हते. जर्मन सरकारने युद्धाचा खर्च धनिकांवर कर बसवून न भागवता मुख्यतः कर्ज काढून भागवला. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच व बेल्जियन फौजांनी रूरचा खाणप्रदेश व्यापला. तेथील असहकाराला सरकारने पाठिंबा दिला, तोही नोटा छापून.

या वहीतील जमेची बाजू कोणाची? युद्धाअखेर सरकारवर देशांतर्गत कर्ज होते १५,४०० कोटी मार्क. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी नवा रेंटेनमार्क आला, तेव्हा या साऱ्या कर्जाचे मोल जुन्या १५.४ फेनिंगइतके उरले होते. एका मार्काचा सहावा हिस्साही नाही. ज्या मध्यमवर्गीयांनी आणि विधवांनी आयुष्याची पुंजी सरकारी रोख्यांत ठेवली, त्यांचे ते पैसे होते. उलट ह्यूगो स्टिनेससारख्या उद्योगपतींनी कर्जे काढून खाणी, जहाजे, वृत्तपत्रे विकत घेतली आणि ती कर्जे रद्दी झालेल्या मार्कांत फेडली. कामगार संघटनांचे निधीही त्याच आगीत जळाले. निधी गेल्यावर लढण्याचे बळ गेले. १९१८ साली मिळवलेला आठ तासांचा दिवस डिसेंबर १९२३ च्या वटहुकुमाने सैल करण्यात आला, हा योगायोग नव्हे.

त्याच १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. रुपया स्वस्त झाल्याने होणारा नफा देशाला बाहेरून मिळत नाही; तो देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, हे त्यांनी दाखवून दिले. जर्मन नोटांवर याहून नेमके भाष्य नाही.

येथे एक रास्त शंका निघेल. चलनवाढीने कर्ज हलके होते. जर्मनीतील गहाण जमिनीही तशाच सुटल्या. मग कर्जात बुडालेल्या यवतमाळच्या शेतकऱ्याला महागाई तारक का होऊ नये? उत्तर कर्जाच्या मुदतीत आहे. चलनवाढीचा लाभ दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या मोठ्या कर्जाला मिळतो. येथील कोरडवाहू शेतकरी जूनमध्ये बियाण्या-खतासाठी कर्ज काढतो आणि दिवाळीनंतर कापूस विकून ते फेडतो. सावकाराचे व्याज महागाईच्या पुढे धावते. उरलेले पैसे वर्षभर पुरवायचे असतात आणि दर महिन्याला त्यांतून किराणा कमी येतो. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने व्यापाऱ्याला दूर सारले, हे तिचे श्रेय होय. पण पैसे हप्त्यांनी मिळत आणि लांबलेल्या प्रत्येक हप्त्याचे मोल वाटेतच घटे, हेही मान्य केले पाहिजे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या नावावर तर हलके होण्याजोगे बँकेचे कर्जही नसते. संघटित कामगाराने महागाई भत्ता लढून मिळवला. तिला तो कोणी दिलेला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ वाढीव आकड्यांवर समाधान मानू नये. डॉ. राममनोहर लोहियांनी 'दाम बांधो' ही मागणी मांडली, तिचा गाभा हाच होता: किमतींना उत्पादनखर्चाशी बांधून घ्या. हमीभाव खर्चाशी जोडलेला हवा, चुकारा वजनकाट्यावरच हवा आणि वेचणीची मजुरी बाजारभावाबरोबर वाढली पाहिजे. या तीन गोष्टी नसतील, तर जाहीर झालेला प्रत्येक नवा भाव म्हणजे त्या जर्मन नोटेवरचे आणखी एक शून्य होय.