परसातला परदेशी पाहुणा



आपल्या परसाकडे एकदा नीट पाहा. पेरू, पपई, काजू, मिरची, लाल भोपळा ही सारी मंडळी आपण घरचीच समजतो. पण यांतले एकही मूळचे इथले नाही. सगळी अमेरिका खंडातून, गेल्या चार-पाचशे वर्षांत, समुद्र ओलांडून आलेली. तेव्हा परदेशी झाड लावावे की नाही, याचे उत्तर आपल्या वाडवडिलांनी केव्हाच देऊन टाकले आहे. आपण विचारायचे ते एवढेच, की पाहुणा येताना मागे काय ठेवून आला?

आता तुम्ही म्हणाल, झाड कसले काय मागे ठेवणार? तर ऐका. आपल्या मुलखात झाड कधी एकटे नसते. त्याच्या फुलावर येणाऱ्या माश्या असतात, ते त्याचे मित्र. त्याची पाने खाणारे किडे असतात, ते त्याचे वैरी. झाड परमुलखात जाते तेव्हा हे दोघेही गावीच राहतात.

मित्र मागे राहिला म्हणजे काय होते, ते व्हॅनिलाच्या वेलीने दाखवले. आइस्क्रीमला येणारा वास तुमच्या ओळखीचा असेल. हल्ली बहुतेक ठिकाणी तो कारखान्यात केलेला असतो. अस्सल वास मात्र या वेलीच्या शेंगेचा. वेल मूळची मेक्सिकोकडची, आपल्या आंब्यावर वाढणाऱ्या आमरीच्या कुळातली. फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली. वेल वाढली, फुलली, पण शेंग काही धरेना. फुलात परागकोश आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, आणि त्यापलीकडे पराग पोचवणाऱ्या माश्या तिथे नव्हत्या. अखेर १८४१ साली एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला. शेंग धरली! आज जगभर व्हॅनिलाच्या मळ्यांत हीच रीत चालते. त्या मुलाला १८४८ साली गुलामीतून मुक्ती मिळाली, पण त्याच्या शोधावर इतर श्रीमंत झाले आणि तो १८८० साली गरिबीतच वारला. शिक्षकांनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी.

कोकणात माडापोफळीच्या सावलीत ही वेल हौसेने लावता येते. देशावरच्या कोरड्या उन्हात तिचा निभाव लागणे कठीण. गिरिपुष्पाच्या खुंटाशी, अर्ध्या सावलीत, हातभर लांबीचे निरोगी छाट लावावे. मुळे उथळ असतात, म्हणून बुंध्याशी खणू नये. कुजलेला पालापाचोळा घालावा आणि पाणी साचू देऊ नये. वेल उंच चढू लागली की वळवून खाली सोडावी, म्हणजे फुले हाताशी येतात. साधारण तिसऱ्या वर्षी फूल येते. ते सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. म्हणून दुपारच्या आत माडाच्या हिराची टोकदार काडी घेऊन आपणच माशीचे काम करायचे. घोसातल्या आठ-दहा फुलांना केले तरी पुरे. शेंग पिकायला सुमारे नऊ महिने लागतात, आणि हिरव्या शेंगेला वास नसतो बरं का! गरम पाण्यात बुडवून, उबेत घाम काढून, कित्येक आठवडे सावकाश सुकवल्यावर तो येतो. मात्र या वेलीवर संसार उभा करू नका. २००३ च्या सुमारास भाव आभाळाला भिडले, म्हणून दक्षिणेत अनेकांनी लागवड केली. दोन-तीन वर्षांत भाव कोसळले आणि ते पस्तावले.

देशावरच्या शाळांनी हाच धडा लाल भोपळ्यावर द्यावा. सकाळी नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलाला लावावेत, आणि काय होते ते मुलांना रोज पाहू द्यावे.

आता दुसरी बाजू. वैरी मागे राहिला म्हणजे काय होते? घाणेरी, कोणी तिला टणटणी म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत फुलांच्या शोभेसाठी आणली गेली. पाखरांनी फळे खाल्ली, बी रानोमाळ पसरले, आणि आज तिने गुरांची कुरणे अडवली आहेत. जलपर्णीचे जांभळे फूलही त्याच शतकाच्या अखेरीस शोभेसाठीच आले. आज पंचगंगेपासून उजनीपर्यंत पाण्यावर तिचा गालिचा पसरलेला दिसतो. मासेमारीची होडी त्यातून निघत नाही आणि खालच्या माशाला हवा मिळत नाही. दोन्ही वेळा सुरुवात एका सुंदर रोपाने झाली होती.

म्हणून नवे रोप आणताना तीन गोष्टी पाहा. त्याचे फळ पाखरे नेतात का? तुटलेल्या तुकड्यातून ते पुन्हा फुटते का? पाण्यात आपोआप वाढते का? यांतले एकही उत्तर 'होय' आले, तर रोप कुंडीत, डोळ्यांसमोर ठेवा आणि बी धरण्याआधी फुले खुडा. हौदातली काढलेली वनस्पती ओढ्यात टाकू नका. कोरड्या जागी पसरून पुरती वाळवा.

थोडक्यात, ज्याचा मित्र मागे राहिला त्याला हात द्यायचा, आणि ज्याचा वैरी मागे राहिला त्याचा हात धरून ठेवायचा. एवढे सांभाळले की परदेशी पाहुणा परसात सुखाने नांदेल, आणि शेजाऱ्याच्या शेताला त्याचा जाच होणार नाही.