फाशीची घाई

(अंबाजोगाई येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'तरुण आंदोलक आणि फाशी' हा विषय संयोजकांनी दिला तेव्हा मी इराणवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी; ती मी आरंभीच पुरी करून टाकतो, म्हणजे पुढे करारभंगाचा ठपका नको. (हशा) १७ नोव्हेंबर २०२२ रोजी मशहद शहरात सरकारी बसीज दलातले दोघे जण सुऱ्याने मारले गेले. त्या आरोपावरून मजीदरझा रहनवर्द या २३ वर्षांच्या तरुणाला पकडले, आणि १२ डिसेंबरला भर रस्त्यात क्रेनला टांगून त्याला फाशी दिले. घटनेपासून फाशीपर्यंत दिवस गेले २५. एवढ्या अवधीत आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसाची नोंदसुद्धा होत नाही. (हशा) हसा; परंतु माझे आजचे सारे म्हणणे या हिशेबातच आहे. जुलमी राजवट पोरांना फासावर चढवते ती क्रौर्यापायी, असे आपण मानत आलो. माझे मत, आणि ते माझ्या मित्रमंडळींना ऐकून ऐकून पाठ झाले आहे, असे की ती हे घाईपायी करते.

निजामी अमलाविषयी या गावात सविस्तर बोलणे म्हणजे आजोळच्या गोष्टी आईलाच सांगण्यासारखे आहे. गाव मोमिनाबाद होते तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ इथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. आणि रझाकारांविषयी तुमच्या घरोघरी जे ऐकायला मिळते त्यात मी काय भर घालणार? 'गश्ती निशाण ५३' तेवढे आठवा. सरकारी परवानगीवाचून सभा भरवण्याची त्या फर्मानाने मनाई होती, तेव्हा आजच्या या सभेपायीही संयोजकांना कचेरीचे उंबरे झिजवावे लागले असते, आणि माझे नाव पाहून परवानगी बहुधा नाकारलीच गेली असती. (हशा)

त्या राज्यातले एकच प्रकरण सांगतो. ४ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबादेत नारायणराव पवार या आर्यसमाजी तरुणाने निजामाच्या मोटारीवर बॉम्ब टाकला. निजाम बचावला, नारायणराव पकडले गेले, फाशीची शिक्षा झाली. ही निःशस्त्र निदर्शने नव्हती, हे मला ठाऊक आहे. पहिल्या रांगेतल्या वकीलसाहेबांनी भुवई उंचावण्याचे कारण नाही. मुद्दा निराळा आहे. शिक्षा अमलात येण्यापूर्वीच सप्टेंबर १९४८ मधली पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य पाच दिवसांत आटोपले, फाशीची जन्मठेप झाली आणि १९४९ साली नारायणराव तुरुंगाबाहेर आले. अपराध तोच, शिक्षाही तीच; केवळ विलंबाने एक माणूस वाचला.

आता सोलापूर. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी तिथे गोळीबार झाला आणि हाती झेंडा घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण पडला. खवळलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली चौकी जाळली, त्यात पोलीस मारले गेले, आणि त्या पोलिसांनाही घरेदारे होती हे विसरून मला बोलायचे नाही. अधिकारी शहर सोडून गेले. १२ मेपासून लष्करी कायदा पुकारला गेला. आमच्या आईचे एक मामा तेव्हा तिथल्या गिरणीत साचे चालवत. गोऱ्या शिपायांनी गांधी टोपी दिसली की काठीने उडवायची, असा तो काळ. मामांची टोपी एकच, खादीची, आणि ती मामींनी जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. लष्करी कायदा ३० जूनला उठला, टोपी बाहेर निघाली, परंतु तिच्या शिवणीत बसलेले पीठ कितीही झटकले तरी जाईना. पुढे जन्मभर मामा घामाघूम झाले की कपाळावर पांढरा ओघळ यायचा, निदान मामी तरी तसे सांगत. मामांचे उत्तर ठरलेले, "भाकरी आणि स्वराज्य एकाच डब्यात होते आपल्याकडे." (टाळ्या) याच मामांनी मला लहानपणी एसटीने तुळजापूरमार्गे सोलापूरला नेले, आणि तिथे...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे. ठीक. टोपीने माझी वीस खाल्ली, दोष टोपीचा.

तर त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि 'गझनफर' पत्राचे विशीतले संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले. आठ महिने म्हणजे घाई का, असे कोणी विचारील. दिवसांच्या संख्येवरून घाई ठरत नाही. उद्या कदाचित हे करता येणार नाही, असे सरकारला वाटू लागते त्या क्षणी ती सुरू होते. १२ जानेवारीला लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालूच होती, ती १९ तारखेला संपली; २६ तारखेला, म्हणजे चौदाव्या दिवशी, गांधीजी बिनशर्त सुटले; ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. मुत्सद्दी टेबलावर बसलेले असताना येरवड्यात दोर आवळला गेला.

(सभागृहातून: "भगतसिंग, राजगुरू तर करारानंतर गेले!")

गेले. प्रश्न बिनतोड आहे, आणि करार झाला असता तर चौघे सुटलेच असते असे मी म्हणालो असेन तर ते शब्द मागे घेतो. हिंसेच्या आरोपातले कैदी त्या करारात बसतच नव्हते. परंतु आपणच माझ्या हाती पुरावा दिलात. आपल्या खेडच्या राजगुरूंसह तिघांच्या फाशीची वेळ २४ मार्चच्या सकाळची ठरलेली होती. ती दिली २३ च्या संध्याकाळी. एका रात्रीचा दम ज्या साम्राज्याला निघाला नाही, त्याच्या वागण्याला आपण न्याय म्हणावे की घाई, हे आपणच ठरवा. (टाळ्या) उलट चिमूर-आष्टीच्या खटल्यात अनसूयाबाई काळे अर्जांमागून अर्ज करीत राहिल्या, प्रकरण लांबत गेले, आणि फाशीच्या छायेतले लोक जगले. अर्जाला हसू नका. कारकुनी चिकाटीने वाचलेले प्राण इतिहासात मोजले जात नाहीत, म्हणून ते कमी थोडेच ठरतात?

घंटा झाली. आणखी पुष्कळ सांगायचे होते. पुढच्या वर्षी बोलावलेत तर टोपी घरी ठेवून येईन. (हशा) एक विनंती मात्र राहिली. १२ जानेवारीला आपल्या शाळांतून जिजाऊंची आणि विवेकानंदांची तसबीर लागते, तशी ती लागलीच पाहिजे; त्याच दिवशी फळ्यावर खडूने ही चार नावेही लिहा. आणि तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाल तेव्हा लगेच परत फिरू नका, सोलापूरची एसटी धरा. तिथे चौकात चौघे शेजारी शेजारी उभे आहेत. रिक्षावाल्याला 'चार पुतळे' म्हटले की पुरते.