कार्ल्याच्या खांबांवरील यवन



ग्रीकांच्या धर्माविषयी बोलायचे तर अथेन्सपासून आरंभ करावा, असा वक्त्यांचा रिवाज आहे. कामशेतला बसून तो पाळण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. येथून लोणावळ्याकडे पुढचे स्टेशन मळवली. तेथे उतरून कार्ल्याचा डोंगर चढला की यवनांची गाठ दगडावरच पडते.

एकवीरेच्या दर्शनाला आपल्यापैकी बहुतेक जण गेले असतील. पण देवळाशेजारच्या चैत्यगृहात शिरून खांब निरखणारे थोडे. हे सुमारे 124 फूट लांबीचे दालन इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास कोरले गेले. त्यात 37 खांब आहेत आणि त्यांतील अनेकांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. पुष्कळसे दाते धेनुकाकट नावाच्या गावचे. त्यांतल्या काहींनी आपल्या नावाशी ‘यवन’ असा शब्द जोडला आहे. एक सिंहध्वज, एक यशोवर्धन; एकाचे नाव तर नुसते ‘धर्म’.

बखरी वाचलेल्यांना यवन म्हटले की मुसलमान आठवतात. हे लेख त्याच्या कितीतरी आधीचे, इस्लामच्या उदयापूर्वी सुमारे पाचशे वर्षांचे. शब्द मूळचा आयोनिया या ग्रीक प्रांतावरून आलेला. पुढे पश्चिमेकडच्या इतर लोकांनाही तो लावला जाऊ लागला. तेव्हा कार्ल्याचा प्रत्येक यवन अस्सल ग्रीकच होता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. धेनुकाकट कोठले, यावरही पंडितांत एकमत नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. हे लोक इकडे कशासाठी आले असतील, हे मात्र ताडता येते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात कल्याण, पैठण आणि तेर यांचा उल्लेख आहे. कल्याणचा माल घाटावर यायचा तर आपला बोरघाट होताच.

आता खरा प्रश्न. या माणसांनी आपला झ्यूस, आपला अपोलो टाकून दिला काय? ते बौद्ध झाले, असे सर्रास सांगतात. आणि ‘धर्म’ हे नाव पाहता ते खरेही असेल. पण ‘हे की ते’ असा पेच त्यांना पडला असेल, असे आम्हांला वाटत नाही. ग्रीकांच्या धर्मात एकच ग्रंथ नव्हता, आणि दुसरा देव भजू नये अशी शपथही नव्हती. परक्या देवात ते आपला देव ओळखीत. हिरोडोटसाला इजिप्तचा आमोन म्हणजे झ्यूसच वाटला; मेगास्थनीसाला भारतात हेराक्लीस सापडला.

आशिया मायनरमध्ये युरोमोस येथे झ्यूसचे देऊळ आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. त्याच्या खांबांवर कोरीव पाट्या आहेत: अमक्याने हा खांब, त्याच्या बैठकीसह आणि शीर्षासह दिला. दात्यांत मेनेक्रातीस नावाचा एक वैद्यही आहे. म्हणजे देवाच्या घरी खांब द्यावा आणि त्यावर नाव घालावे, ही रीत तिकडेही होती व इकडेही होती. कोणी कोणाकडून घेतली असे आम्ही म्हणत नाही. आपल्या देवळांतील पंख्याच्या पात्यांवरची नावे पाहिली तर ही हौस उसनी घ्यावी लागत नाही, हे कळते! कार्ल्याच्या लेणीत यवनाला बावरल्यासारखे झाले नसेल, एवढेच म्हणायचे.

विदिशेला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेच्या हेलिओदोराने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. तो स्वतःला भागवत म्हणवतो, पण त्याचे नाव ग्रीक आहे आणि बापाचेही, दिओन. तो वकील म्हणून आलेला माणूस. कार्ल्याच्या यवनांत मात्र एकही उघड ग्रीक नाव नाही. या मातीत त्यांच्या पिढ्या गेल्या असाव्यात, असा आमचा तर्क आहे. मुलांची नावे इथली ठेवली, दान इथल्या भिक्षूंना दिले, लेख इथल्या बोलीत कोरविला; आणि तरी ‘यवन’ हा शब्द गाळला नाही. तो लपवावा असे त्यांना वाटले नाही, आणि तो पुसावा असे विहारालाही वाटले नाही. त्याच लेण्यात गंधी आणि सुतार यांचीही नावे आहेत. कोणाचा दर्जा वेगळा केलेला नाही.

जुन्नरच्या लेण्यांतही असे तीन यवन भेटतात. एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याची दोन टाकी खोदविली. त्याने मात्र आपले परके नाव तसेच ठेवले होते.