मुलींचा संघ कसा बांधावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कबड्डीवर बोलण्यासाठी माझे नाव दिले आहे हे ऐकून आमच्या घरात सगळे हसले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. परंतु शाळेत असताना मी हुतूतू पुष्कळ खेळले आहे, आणि गेली दोन वर्षे भातकापणी झाली की मोकळ्या शेतात आपल्या डोळखांबच्या मुलींचा सराव चालतो, तेथे मी रोज जाऊन बसते. तेव्हा दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

सामना पाहताना आपले डोळे चढाई करणाऱ्या मुलीवर असतात. ती गुण घेऊन आली की आपण टाळ्या वाजवतो. पण संघ जिंकवायचा असेल तर शिकविणाऱ्याला आधी पकडीकडे पाहावे लागते. समोरची मुलगी तीस सेकंद आपल्या अंगणात फिरत असते. तिला धरायची घाई केली की धरणारीच बाद होते. कोपऱ्यावरच्या मुलीने तिला आत येऊ द्यावे, तिचे तोंड मध्यरेषेकडे वळू द्यावे, आणि मग घोटा धरावा. त्याच क्षणी शेजारणीने कमरेला मिठी घातली पाहिजे, एकटीच्या हातून घोटा सुटतोच. हातात हात घालून साखळी करतात ती ह्याचसाठी. शेजारीण कोठे आहे हे मान न वळवता कळावे लागते, आणि हे पंधरा दिवसांच्या शिबिरात येत नाही. त्याच त्या मुली वर्षानुवर्षे एकत्र खेळाव्या लागतात. आवणीला रांगेत एखादी नवखी बाई आली की दोन दिवस रांग वाकडी जाते, तसेच हे आहे.

संघात बारा नावे असतात आणि मैदानात उतरतात सात. बाहेर बसणाऱ्या पाचजणींकडे कोणी बघत नाही. माझे मत असे की शिकविणाऱ्याची खरी परीक्षा तेथेच आहे. सरावाला ह्या पाचजणींनीच समोरून चढाई करायची असते. त्या मनापासून आल्या नाहीत तर सातजणी शिकणार कोणावर?

ह्याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. नाशिकच्या शैलजा जैन ह्यांनी अनेक वर्षे कबड्डी शिकविली. पुढे त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. परका देश, परकी भाषा. बाईंनी फारसी शिकून घेतली. मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणला. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत आत जायचे आणि त्याच दमात परत यायचे, हा सगळा श्वासाचाच खेळ आहे, हे आपणांस सांगायला नको. ह्याच इराणला २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी ३१-२१ असे हरवून सुवर्णपदक घेतले होते. त्याआधी २०१० सालीही सुवर्ण आपलेच. आणि २४ ऑगस्ट २०१८ रोजी जाकार्ताला इराणने आपल्याला २७-२४ असे हरविले! आपला संघ हरला म्हणून वाईट वाटले, आणि हरविणाऱ्या मुलींना एका मराठी बाईने शिकविले म्हणून ऊरही भरून आला. पुढे २०२३ साली हांगझोऊला आपण ते सुवर्ण परत मिळविले, चायनीज तैपेईवर अवघ्या एका गुणाने, २६-२५.

इराणच्या त्या मुली डोके झाकून, अंगभर कपडे घालून खेळतात. आपल्याकडे पोशाखाची सबब सांगून मुलीला घरी ठेवतात, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगितले. लांब पँट घालून खेळू द्या, आमची काही तक्रार नाही.

आता घरचे बोलते. गेल्या वर्षी आपल्या सातजणींची साखळी छान बसली होती. यंदा त्यांतल्या चौघी येत नाहीत. एक दहावीला आहे. एकीला पाहायला पाहुणे येणार, म्हणून गुडघे खरचटलेले चालत नाहीत. दोघींचे कारण एवढेच की परतताना अंधार होतो आणि वाटेत दिवा नाही. पहिल्या दोन घरांशी मी बोलत आहे, तेथे वेळ लागेल. पण अंधाराचे काम आपल्या मंडळाला सहज करता येण्यासारखे आहे. पौष-माघात लवकर दिसेनासे होते. आळीपाळीने दोन दोन बायकांनी शेताच्या बांधावर येऊन बसावे आणि सराव संपला की मुलींना वाडीपर्यंत पोचवावे. बसल्या बसल्या तांदूळ निवडायला आणले तरी चालतील.

कोणी म्हणेल, मुलगी उद्या सासरी जाणार, तिच्यावर इतका वेळ कशाला घालवायचा? आपल्या गावातली शेवटची चांगली कोपऱ्यावरची मुलगी अशीच लग्न होऊन मुरबाडकडे गेली. मध्यंतरी माहेरी आली तेव्हा बाळाला आईकडे देऊन दोन तास सरावाला आली आणि लहानग्यांना घोटा कसा धरायचा ते दाखवून गेली.

ज्या भगिनींना जमेल त्यांनी आज हळदीकुंकू झाल्यावर आपला वार चिटणीसबाईंकडे सांगून ठेवावा. मंगळवार आणि शुक्रवार मी घेतले आहेत. बॅटरी जिची तिने आणावी.