घरातील आघात व कुमारवयातील स्वतःस इजा



कोपर स्थानकावरून पहाटेची गाडी धरून आईबाप कामावर जातात, म्हणून मुले बिघडतात, असे आपण फार सहज बोलतो. पोटासाठी बाहेर राहणे निराळे. घरात असून मारहाण, दारू किंवा नित्याचा पाणउतारा निराळा. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी, अँडा आदींनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणीचे असे आघात जितके अधिक, तितका पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका अधिक, असे आढळले. धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. अशा घरांतील बहुसंख्य मुले स्वतःस इजा करीत नाहीत.

सातवी-आठवीतील मूल लपूनछपून स्वतःस इजा करते, ते बहुधा मरण्यासाठी नव्हे, किंवा आपण समजतो तसे नखरे म्हणूनही नव्हे. आतली असह्य घालमेल क्षणभर शमावी, एवढाच त्याचा हेतू असतो. तरीही ती गोष्ट हलकी लेखू नये.

जखम दिसल्यास वर्गासमोर विचारू नका. एकांतात, न रागावता विचारा. ‘कोणास सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका. पालकांस तत्काळ बोलावण्याची आपली रीत येथे घातक ठरू शकते, कारण मारणारा हात तोच असू शकेल. प्रथम मुख्याध्यापकांशी बोला. बालकांसाठी १०९८ व मानसिक साहाय्यासाठी १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत.