टायरची बाजू



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले तेव्हा आम्ही मजुरीच्या दरांवर किंवा संपाच्या इतिहासावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. विषय टायरचा आहे असे आम्ही कळवले, तेव्हा चिटणीसांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. कामगारांची बाजू मांडण्यात ज्याची तीस वर्षे गेली तो आता टायरची बाजू मांडू लागला, असे कोणी थट्टेने म्हणेल, तर ते अक्षरशः खरे आहे. रस्त्याला टेकणारा टायरचा जो नक्षीदार पट्टा, त्याची झीज सर्वांना दिसते. परंतु त्या पट्ट्यापासून रिमपर्यंत जी बाजू असते, जिला गॅरेजवाले ‘साइड’ म्हणतात, तिच्याकडे गाडी धुणाराखेरीज कोणी पाहत नाही. आजचे आमचे बोलणे तिच्याविषयी आहे.

आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढची शाळा हमरस्त्यावरच्या एका पंक्चरच्या दुकानात झाली. शाळेत घोकलेली इंग्रजी अक्षरे आम्ही प्रथम कामाला लावली ती टायरच्या बाजूवर. कारण टायरची सारी जन्मपत्रिका तिथेच छापलेली असते. समजा, तुमच्या मोटारीच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ६५ इतकी बाजूची उंची, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ, हा एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा. याशिवाय एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आज घरी गेल्यावर हे चार आकडे जरूर वाचा. पुष्कळांना आपल्या मुलाची जन्मतारीख पाठ असते, पण ज्यावर त्या मुलाला बसवून नेतो त्या टायरचे वय ठाऊक नसते.

आता ही बाजू कशाची असते ते पाहू. वरून दिसते ते केवळ रबर. त्याच्या आत धाग्यांचा थर असतो, बहुधा पॉलिएस्टरचा. मिशेलिन कंपनीने १९४६ साली ज्याचे पेटंट घेतले त्या रेडियल टायरमध्ये हे धागे एका कडेच्या तारेपासून दुसऱ्या कडेच्या तारेपर्यंत सरळ आडवे जातात. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याखाली यांवर आणखी पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूला ते नसतात. तिथे धागे आणि वर रबराचे पातळ कातडे, एवढेच. हा कंजूषपणा नव्हे. बाजू लवचिक ठेवावीच लागते, कारण खड्ड्याचा धक्का तीच पोटात घेते.

गाडीचा भार रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते, आणि त्या हवेला कोंडून धरण्याचे काम हे धागे करतात. तेहतीस पौंड हवा भरली म्हणजे दर चौरस इंचाला तेहतीस पौंडांचा रेटा. तळहाताएवढी जागा घ्या, ती वीस चौरस इंच धरा. तेवढ्या जागेवर आतून साडेसहाशे पौंडांचा, म्हणजे सुमारे तीनशे किलोंचा रेटा अहोरात्र चालू असतो. गाडी उभी असली तरी तो थांबत नाही. गाडी चालू लागली की चाकाचा जो भाग खाली येतो तिथली बाजू दबते, आणि वर गेली की पुन्हा ताठ होते. आपण घेतलेल्या मापाचे चाक एका किलोमीटरला सुमारे सव्वापाचशे फेरे घेते. ताशी साठच्या वेगाला बाजूचा प्रत्येक तसू सेकंदाला आठ-नऊ वेळा दबतो आणि उठतो. द्रुतगती मार्गावर वेग दुप्पट केला, तर हा आकडाही दुप्पट.

एवढे ध्यानात आले म्हणजे बाजूचे पंक्चर का काढत नाहीत, हे निराळे सांगायला नको. मधल्या पट्ट्यात खिळा घुसला, तर तिथे पोलादी पट्ट्यांचा आधार असतो आणि ती जागा फारशी वाकत नाही. भोक सहा मिलिमीटरच्या आतले असेल, तर टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, ज्याला आपल्याकडे मशरूम म्हणतात तो देठाचा पॅच बसवला की काम चोख होते. बाहेरून नुसती वात खुपसून दिलेली दुरुस्ती घरी पोहोचण्यापुरती समजावी. बाजूला मात्र तुटलेला धागा कोणत्याही चिकटपट्टीने सांधत नाही. बाजेचे सुंभ तुटल्यावर तिच्यावर गोधडी अंथरली म्हणून बाज नीट होत नाही. निजणारा मध्यरात्री खाली येतो. टायरच्या बाजूवरचा पॅच ही ती गोधडी होय. ट्रकच्या मोठ्या टायरांची बाजू ठराविक मापापर्यंत, मजबूत धाग्यांचा पॅच घालून आणि भट्टीत शिजवून दुरुस्त करणारे कारखाने आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु तो यंत्रे असलेल्या जाणकाराचा व्यवसाय आहे, आणि मोटारीच्या टायरला ती सोय लागू नाही.

बाजूच्या जखमा चार जातींच्या असतात. पहिली, फुगा. चाक खड्ड्याच्या काठावर किंवा फूटपाथच्या दगडावर आदळले की बाजू दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. वरचे रबर शाबूत राहते, पण मोकळ्या झालेल्या जागी हवा बाहेर रेटते आणि लिंबाएवढा उंचवटा दिसू लागतो. फुगा लहान की मोठा हा प्रश्नच नाही. धागे तुटले, टायर संपला. बाजूवर उभी, उथळ घळ दिसली तर मात्र भिऊ नये. धाग्यांच्या थरांचा सांधा जिथे एकावर एक येतो तिथे अशी घळ पडते. ती निरुपद्रवी असते. बाहेर आलेले वाईट, आत गेलेले बहुधा निर्दोष, अशी खूण ठेवावी.

दुसरी जात, काप. वरचे रबर नुसते खरचटले असेल तर चालते. कापाच्या तळाशी धागे दिसू लागले तर चालत नाही. तिसरी जात, तडे. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर म्हातारे होते. केसाएवढ्या रेघा वयाप्रमाणे येणारच. पण नख अडकेल अशी चीर आली की जाणकाराला दाखवावी. चौथी जात सर्वांत फसवी. कमी हवेवर गाडी चालवली की बाजू प्रमाणाबाहेर वाकते, तापते आणि आतून भाजते. बाहेर काहीच दिसत नाही. टायर उतरवला म्हणजे आत काळी भुकटी सापडते. ती भुकटी म्हणजे बाजूचेच रबर होय. म्हणून हवा निदान महिन्याला एकदा, सकाळी, टायर थंड असताना तपासावी. या वैशाखात तर विशेष.

आता आम्ही हा विषय का घेतला ते सांगतो. १९८६ सालच्या उन्हाळ्यात आम्ही त्या दुकानात एकटे होतो. उस्ताद लग्नाला गेले होते. वडापाची एक जीप आली. पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला चार बोटांचा काप होता, आतले धागे दिसत होते. तेव्हाचे टायर ट्यूबचे. अशा कापाला आतून जुन्या टायरचा तुकडा लावीत. त्याला धंद्यात गेटर म्हणतात. ड्रायव्हर म्हणाला, “पोरा, गेटर टाक आणि दे.” आम्ही म्हणालो, “काका, टाकतो, पण पुढच्या चाकाला नका घालू.” तो म्हणाला, “मागचे दोन्ही याहून वाईट आहेत. तू टाक.” आम्ही टाकला. पाच रुपये घेतले.

नवव्या दिवशी घाटाच्या उतारावर तो टायर फुटला. जीप बाभळीला अडली म्हणून दरीत गेली नाही. ड्रायव्हरचा पाय मोडला, दोन बायांना खोक पडली. तो टायर आम्ही नंतर पाहिला. गेटरच्या कडेने ट्यूब घासली जाऊन पातळ झाली होती, आणि काप चार बोटांचा वीतभर झाला होता. सरकारी दवाखान्यात आम्ही त्याला भेटायला गेलो. रागावेल असे वाटले होते. तो म्हणाला, “तुझा काय दोष? टायर गेला म्हणून सांगितलं असतं, तर शेठनं पगारातून कापला असता. पोरीचं लग्न काढलं होतं.”

मंडळी, रबराचे शास्त्र आम्ही पुढे ग्रंथालयात बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. पण टायर का फुटतो याचे अर्धे उत्तर त्या खाटेवर मिळाले होते. काप पडतो तो दगडाने. तो लपवला जातो तो दंडाच्या भीतीने.

पुढे आम्ही मोटार कामगारांत काम करू लागलो. १९९८ साली एका मालकाच्या आवारात आम्ही स्वतः टायर पाहत फिरलो. बाजूंना काळे पॉलिश चोपडलेले, कापाची बाजू आत फिरवून बसवलेली. हे ड्रायव्हरांनीच केले होते. ज्या टायरवर त्यांना रात्रभर बसायचे होते त्याच टायरची जखम त्यांनी झाकली होती. टायर गेला की किंमत पगारातून, असा तिथला शिरस्ता होता. तेव्हाच्या १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे कामगाराचा हलगर्जीपणा दिसला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, मगच नुकसानीची कपात करता येई. आम्ही पगारवाढीच्या आधी ती एक मागणी मांडली: जखम त्याच दिवशी सांगेल त्याची कपात नाही, आणि सांगितल्यावर ती गाडी हलणार नाही. मालक म्हणाले, असे केले तर हे लोक रोज टायर फाडतील. चार महिने वाद चालला. अखेर मान्य झाले. पहिल्या महिन्यात टायरचा खर्च खरोखरच वाढला, हे आम्ही लपवीत नाही. झाकलेले सारे एकदम बाहेर आले होते. नंतर तो उतरला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने धोकादायक दोष माहीत असून गाडी चालवणाराला जसे दोषी धरले आहे, तसेच ती चालवायला लावणाराला आणि चालवू देणारालाही धरले आहे. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आज मोटार आहे. कोणाकडे पगारी ड्रायव्हर आहे, कोणाचा मुलगा नुकता शिकला आहे. तो घरी येऊन सांगतो, खड्ड्यात चाक आदळले. आपण पहिला शब्द काय काढतो? “डोळे कुठे होते?” असा काढला, तर पुढच्या खेपेला तो काही सांगणार नाही. फुगा मात्र तिथेच राहील, आणि रविवारी आपण सारे कुटुंब घेऊन त्याच गाडीने देवदर्शनाला निघू.

तेव्हा चार गोष्टी करा. आठवड्यातून एकदा चारी चाकांना प्रदक्षिणा घाला, आणि बॅटरी घेऊन आतली बाजूही पाहा. फुगा दिसला तर त्या चाकावर पुढे जाऊ नका, स्टेपनी लावा. २०२० च्या नियमबदलानंतर काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चरच्या औषधाची बाटली येते. त्या औषधाने बाजूचा काप बुजत नाही, अशा वेळी गाडी ओढून न्यावी. चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. आणि चौथी, ज्याने जखम सांगितली त्याला आधी पाणी विचारा, हिशेब मागून.

तो ड्रायव्हर पुढे लंगडत का होईना, पुष्कळ वर्षे आमच्या दुकानावरून जाई. त्याने ते पाच रुपये कधी परत मागितले नाहीत. आम्ही एकदा देऊ केले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “ठेव. पुढच्याला नाही म्हण.” उस्तादांच्या दुकानात आम्ही आणखी सहा वर्षे काम केले. मोटारीच्या बाजूला गेटर पुन्हा टाकला नाही.