रानातला कोयता पारखून घ्या

रानात एकटे असताना कोयत्याचे पाते मुठीतून निसटले, तर दवाखाना लांब असतो. म्हणून कोयता घेताना आधी मूठ पाहा. पात्याचा मागचा भाग मुठीतून आरपार जाऊन शेवटी वळवलेला किंवा रिव्हेटने पक्का केलेला असावा. पाते गाडीच्या कमानपाट्याचे घ्यावे. साधी लोखंडी पट्टी पाणी देऊनही कडक होत नाही, धार लगेच जाते.

धारेवर कानस हलकेच फिरवून पाहा. खोल रुतली तर पाते मऊ; अजिबात न धरता घसरली तर धार ठिसूळ, लाकडाच्या गाठीवर तुटेल. कानस थोडीच धरावी.

काम झाल्यावर चीक पुसून तेलाचा हात फिरवा. मूठ हलू लागताच कोयता लोहाराकडे न्या, रानात नको.